‘जशास तसे’ आयात शुल्क : एका शब्दाचे बदलते अर्थ

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २ एप्रिल २०२५ रोजी व्हाइट हाउसच्या प्रांगणात एक मोठा तक्ता जगासमोर धरला. त्यात देशांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे दोन आकडे होते. पहिला आकडा त्या देशाकडून अमेरिकी मालावर ‘आकारल्या जाणाऱ्या’ शुल्काचा, तर दुसरा अमेरिका त्या देशाच्या मालावर आता आकारणार असलेल्या शुल्काचा. चीनपुढे ३४, व्हिएतनामपुढे ४६, युरोपीय संघापुढे २० आणि भारतापुढे २६ टक्के असा दुसरा आकडा होता. ‘जशास तसे’ या न्यायाने, किंबहुना त्याच्या निम्म्यानेच, आपण ही आकारणी करीत आहोत, असे त्या दिवशी सांगण्यात आले.

‘जशास तसे’ हा शब्दप्रयोग ऐकणाऱ्याला चटकन पटतो. समोरचा आपल्या मालावर जेवढा कर लावतो, तेवढाच आपण त्याच्या मालावर लावला तर त्यात अन्याय तो कोणता, असे कोणालाही वाटावे. परंतु व्यापाराच्या इतिहासात या शब्दाचा अर्थ एकच कधीही राहिलेला नाही. कधी त्याने दोन्ही बाजूंचे कर उतरविले, कधी चढविले, तर कधी बलवानाने दुर्बळावर लादलेल्या अटीला समतेचे रूप दिले. त्या त्या काळी कोणता देश खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता होता आणि कोणता विरोधक, हेही सतत बदलत गेले आहे. २०२५ पासून जे घडत आहे ते समजून घ्यायचे तर या शब्दाचा प्रवास पाहणे उद्बोधक ठरेल.

आकडा आला कोठून?

प्रथम त्या तक्त्याविषयी. भारतापुढे पहिल्या रकान्यात ५२ टक्के असा आकडा होता. भारत अमेरिकी मालावर सरासरी ५२ टक्के शुल्क आकारतो, असा त्याचा अर्थ सामान्य वाचकाने घेतला. प्रत्यक्षात हा आकडा शुल्काचा नव्हताच. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने प्रसिद्ध केलेले सूत्र सोपे होते. एखाद्या देशाशी अमेरिकेच्या मालव्यापारात जी तूट येते, तिला त्या देशातून येणाऱ्या आयातीने भागायचे आणि येणारी टक्केवारी निम्मी करायची. २०२४ साली अमेरिकेने भारतातून सुमारे ८७.४ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि तिची तूट सुमारे ४५.७ अब्ज डॉलरची होती. भागाकार ५२ टक्के, त्याचे निम्मे २६ टक्के.

म्हणजे भारताने उद्या आपले सारे आयात शुल्क रद्द केले, तरी तूट कायम राहिल्यास हा आकडा फारसा हलणार नाही. शुल्काला शुल्काने नव्हे, तर तुटीला शुल्काने दिलेले हे उत्तर होते. शिवाय या हिशेबात केवळ माल धरला होता, सेवा धरल्या नव्हत्या. सॉफ्टवेअर, बँकिंग, चित्रपट, पर्यटन, उच्च शिक्षण अशा सेवांच्या व्यापारात जगाशी एकंदर अमेरिकेचे पारडे जड आहे. ती बाजू गणितातून वगळली गेली.

याचा अर्थ अमेरिकेच्या तक्रारीत तथ्यच नाही, असा मात्र नव्हे. जागतिक व्यापार संघटनेच्या आकडेवारीनुसार भारताचे सरासरी आयात शुल्क २०२३ मध्ये १७ टक्के होते, तर अमेरिकेचे ३.३ टक्के. शेतमालात ही तफावत आणखी मोठी, म्हणजे भारताचे सरासरी ३९ टक्के आणि अमेरिकेचे ५ टक्के आहे. मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये भारताच्या सीमेवरील भिंत उंच आहे, हे सत्य आहे. प्रश्न असा की ती उंच का आहे, आणि ती तशी असण्यास अमेरिकेसह साऱ्या जगाने पूर्वी संमती का दिली होती?

शुल्क भरतो कोण?

एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. ‘भारतावर शुल्क लावले’ असे आपण म्हणतो. परंतु भारत सरकार अथवा भारतीय निर्यातदार अमेरिकेच्या तिजोरीत हे पैसे भरीत नाही. ते भरतो अमेरिकेतील आयातदार. समजा, दहा डॉलरला एक सदरा त्याने मागविला आणि त्यावर पन्नास टक्के शुल्क असेल, तर बंदरातून माल सोडविताना त्याला आणखी पाच डॉलर मोजावे लागतात. हे पाच डॉलर तो तीन ठिकाणी वाटू शकतो. किंमत वाढवून ग्राहकावर, नफा कमी करून स्वतःवर, किंवा घासाघीस करून भारतातील कारखानदारावर. कोणाच्या वाट्याला किती येणार, हे पर्यायावर अवलंबून असते. तसाच सदरा दुसऱ्या देशातून कमी शुल्कात मिळत असेल, तर भारतीय कारखानदाराला भाव पाडावा लागतो अथवा मागणी गमवावी लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये नेमके हेच झाले. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लागू झाले आणि रशियाकडून तेल खरेदी केल्याबद्दल २७ ऑगस्टपासून त्यावर आणखी २५ टक्क्यांची भर पडली. एकूण ५० टक्के. त्याच वेळी व्हिएतनाम आणि बांगलादेश यांच्यासाठी दर २० टक्के, पाकिस्तानसाठी १९ टक्के, तर जपान व युरोपीय संघासाठी १५ टक्के होता. औषधे आणि स्मार्टफोन यांना वगळलेले असल्याने त्यांच्यावर थेट परिणाम झाला नाही. परंतु तयार कपडे, हिरे व दागिने, कोळंबी, गालिचे, चामड्याच्या वस्तू या मनुष्यबळावर चालणाऱ्या उद्योगांची स्पर्धाशक्ती एका फटक्यात खालावली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताने अमेरिकेला सुमारे ८६.५ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला होता. एकंदर मालनिर्यातीचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय. मुंबईतील सीप्झमध्ये दागिने घडविणाऱ्या कारागिरांपासून तिरुपूरच्या शिलाई कामगारांपर्यंत अनेकांची रोजी या एका बाजारपेठेशी बांधलेली आहे.

मुंबईच्या गिरण्यांना मिळालेली ‘समता’

समान शुल्क म्हणजे समान न्याय, या युक्तिवादाचा कटू अनुभव महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन हा खुल्या व्यापाराचा जगातील सर्वांत मोठा पुरस्कर्ता होता. धान्य आयातीवरील कायदे त्याने १८४६ मध्येच रद्द केले होते आणि १८८२ मध्ये हिंदुस्थानातील जवळजवळ सर्व आयात जकाती उठविल्या गेल्या. पुढे सरकारी तिजोरीला चणचण भासू लागली, तेव्हा १८९४ मध्ये ५ टक्के जकात पुन्हा बसविणे भाग पडले. विलायती कापडावर जकात बसताच लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ओरड केली की, यामुळे मुंबईच्या गिरण्यांना अनुचित संरक्षण मिळते.

त्यावर सरकारने ‘समतेचा’ तोडगा काढला. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवण्यात आली आणि हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला. दोघांवर सारखाच कर. कागदावर याहून निःपक्षपाती काय असणार? पण एक बाजू शंभर वर्षांच्या यंत्रविद्येची आणि साम्राज्याच्या पाठबळाची, तर दुसरी नुकती उभी राहू पाहणारी. लोकमान्य टिळकांनी त्याच वर्षी विलायती कापडावरील बहिष्काराची मोहीम महाराष्ट्रात हाती घेतली. बंगालमधील स्वदेशी चळवळ त्यानंतर नऊ वर्षांनी सुरू झाली. हा अबकारी कर अखेर उठला तो १९२५-२६ मध्ये.

तत्पूर्वी १८९२ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्याचा गाभा हाच होता. अर्थशास्त्राचे सिद्धांत देशकालनिरपेक्ष नसतात. इंग्लंडला जे हितकर ते हिंदुस्थानला तसेच हितकर असेल असे नाही, ही त्यांची भूमिका होती. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय व्यापारधोरणावर या विचाराची दाट छाया पडलेली दिसते. आणि विशेष असे की, खुद्द अमेरिकेचेही पूर्वीचे धोरण याहून वेगळे नव्हते. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये आपल्या कारखानदारीविषयक अहवालात बाल्यावस्थेतील उद्योगांना आधार देण्याचा आग्रह धरला होता आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकी उद्योग उंच जकातींच्या भिंतीआडच वाढले.

१९३० ची चूक आणि १९३४ चे शहाणपण

या भिंतीची परिसीमा झाली १९३० मध्ये. सिनेटर रीड स्मूट आणि प्रतिनिधी विलिस हॉली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधेयकावर अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी १७ जून १९३० रोजी स्वाक्षरी केली. एक हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी हे विधेयक नाकारण्याची विनंती त्यांना केली होती. ती व्यर्थ गेली. कॅनडासह अनेक देशांनी प्रत्युत्तरादाखल आपापल्या जकाती वाढविल्या. १९३२ मध्ये तर साक्षात ब्रिटननेही खुल्या व्यापाराचे धोरण सोडले आणि साम्राज्यांतर्गत देशांना सवलत देणारी व्यवस्था ओटावा परिषदेत स्वीकारली. १९२९ ते १९३४ या काळात जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन-तृतीयांशाने घसरले. महामंदी त्या कायद्याने आणली नाही. ती आधीच सुरू झाली होती. पण बाहेर पडण्याच्या वाटा मात्र त्याने बुजविल्या. स्मूट आणि हॉली हे दोघेही १९३२ मध्ये आपापल्या जागा गमावून बसले.

यानंतर ‘जशास तसे’चा दुसरा अर्थ जन्माला आला. १२ जून १९३४ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी परस्पर व्यापार करारांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल हे त्याचे शिल्पकार. तुम्ही तुमची जकात उतरवा, आम्ही आमची उतरवितो, ही त्याची रीत होती. अध्यक्षांना दर ५० टक्क्यांपर्यंत घटविण्याचा अधिकार मिळाला आणि प्रत्येक करारासाठी काँग्रेसची वेगळी मंजुरी घेण्याची गरज उरली नाही. या बदलाचे मर्म राजकीय होते. तोवर प्रत्येक लोकप्रतिनिधी आपल्या मतदारसंघातील उद्योगासाठी संरक्षण मागे आणि त्याची बेरीज म्हणजे उंच जकात होई. आता परदेशी बाजारपेठ हवी असलेले निर्यातदारही जकात कमी करा म्हणून सरकारकडे आग्रह धरू लागले. म्हणजे ‘परस्पर’ हाच शब्द १९३४ मध्ये भिंती उतरविण्यासाठी वापरला गेला आणि २०२५ मध्ये त्या चढविण्यासाठी.

सर्वांना एकच दर

१९३४ च्या या विचारातूनच पुढे गॅट करार साकारला. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनिव्हात २३ देशांनी त्यावर सह्या केल्या. नुकताच स्वतंत्र झालेला भारत त्यांपैकी एक होता. या कराराचे पहिले कलम म्हणजे ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हे तत्त्व. नाव फसवे आहे, कारण त्यात कोणाला खास पसंती नसते. एका सदस्य देशाला जी सवलत द्याल, ती इतर सर्व सदस्यांनाही द्या, असा त्याचा अर्थ. मुक्त व्यापार करारांसारखे अपवाद सोडले, तर प्रत्येक देशासाठी वेगळा दर ठेवता येत नाही. २०२५ चा तक्ता देशागणिक वेगवेगळा दर ठरवीत होता; या मूळ तत्त्वाशी त्याचा थेट विरोध होता.

दुसरे तत्त्व कमाल मर्यादेचे. वाटाघाटीत प्रत्येक देश ठरलेल्या वस्तूंवर यापुढे अमुक टक्क्यांहून अधिक शुल्क लावणार नाही, असे वचन देतो. विकसनशील देशांना या मर्यादा उंच ठेवण्याची मुभा देण्यात आली. १९६५ आणि १९७९ मध्ये त्यांच्यासाठी विशेष वागणुकीच्या तरतुदी झाल्या. ही कृपा नव्हती, सौदा होता. १९८६ ते १९९४ या काळात चाललेल्या उरुग्वे फेरीत श्रीमंत देशांनी पेटंट व बौद्धिक संपदेचे कडक नियम आणि सेवांच्या व्यापाराची चौकट मिळविली, आणि गरीब देशांनी त्याच्या बदल्यात शुल्कातील लवचीकता राखली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, ती या देवाणघेवाणीच्या पायावर. भारताच्या ३९ टक्क्यांकडे बोट दाखविताना या सौद्याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही.

भारताने घेतलेली वळणे

तथापि, भारताची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही. १९९१ पूर्वी काही वस्तूंवरील शुल्क ३०० टक्क्यांहून अधिक होते. परकीय चलनाच्या संकटानंतर जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी कमाल दर १५० टक्क्यांवर आणला आणि तेथून उतरती भांजणी सुरू झाली. बिगरशेती मालावरील कमाल दर २००७-०८ मध्ये १० टक्क्यांपर्यंत खाली आला. दरम्यान अमेरिकेच्याच तक्रारीवरून संघटनेत निकाल विरुद्ध गेल्याने भारताला आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पर्यंत उठवावे लागले. परदेशी मालाच्या लोंढ्याने उद्योग बुडतील, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली. काही उद्योगांना फटका बसलाही. पण अनेकांनी स्पर्धेत तग धरला, एवढेच नव्हे तर स्वतः बाहेरच्या बाजारपेठा गाठल्या.

याच काळात ‘परस्पर सवलती’चे एक बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या संदर्भात घडले. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश भारतात आले असताना भारतीय आंब्यासाठी अमेरिकेचे दार उघडण्याचे ठरले. कीडीच्या भीतीपोटी ते सुमारे १८ वर्षे बंद होते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे कांद्यासाठी उभारलेल्या विकिरण केंद्राला अमेरिकी कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि एप्रिल २००७ मध्ये हापूस व केशरच्या पेट्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्याच सुमारास भारताने हार्ले-डेव्हिडसनसारख्या मोठ्या क्षमतेच्या मोटरसायकलींना वाट मोकळी केली. आंब्याच्या बदल्यात मोटरसायकल, असे त्या वेळी गमतीने म्हटले गेले. पण वाट मोकळी झाली तरी मोटरसायकलीवरील शुल्क चढेच राहिले. पुढे ट्रम्प यांनी आपल्या पहिल्या कारकिर्दीत याच मोटरसायकलीचे उदाहरण वारंवार दिले. भारताने फेब्रुवारी २०१८ मध्ये हे शुल्क ५० टक्क्यांवर आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीवरील गाड्यांसाठी ३० टक्क्यांवर आणले. वर्षाकाठी मोजक्याच विकल्या जाणाऱ्या वाहनाने एवढे राजकीय महत्त्व मिळवावे, यातच शुल्काच्या प्रतीकात्मक बळाचे रहस्य आहे.

२०१८ च्या सुमारास भारताची दिशाही पालटू लागली होती. मोबाइल फोनपासून अनेक वस्तूंवरील शुल्क पुन्हा वाढविण्यात आले. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’ या पूर्व आशियाई व्यापार करारात सामील होण्यास नकार दिला. चिनी मालाची आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या दुधाची धास्ती ही त्यामागची प्रमुख कारणे होती. २०२० मध्ये ‘आत्मनिर्भर’ हा शब्द धोरणाच्या केंद्रस्थानी आला. आणि तरीही दोनच वर्षांत भारताने संयुक्त अरब अमिरात व ऑस्ट्रेलिया यांच्याशी, २०२४ मध्ये स्वित्झर्लंड-नॉर्वे आदी चार देशांच्या गटाशी आणि २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करार केले. अमेरिकेचा दरवाजा अरुंद होत असताना इतर दरवाजे उघडण्याची ही धडपड होती.

अमेरिकेचे मन का बदलले?

ज्या देशाने ही सारी व्यवस्था उभारली, त्याच देशाचे मन तिच्यावरून का उडाले, हा कळीचा प्रश्न आहे. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. स्वस्त चिनी मालाने अमेरिकी ग्राहकाचा फायदा झाला. पण फर्निचर, कापड, खेळणी, सुटे भाग बनविणारी लहान शहरे ओस पडली. २००० साली अमेरिकेत कारखान्यांत सुमारे पावणेदोन कोटी लोक काम करीत होते; २०१० च्या आरंभी ही संख्या सव्वा कोटीच्याही खाली गेली. यात यंत्रमानवांचा आणि २००८ च्या आर्थिक संकटाचाही वाटा होता. परंतु डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाने दाखविले की, चिनी स्पर्धेची झळ ज्या भागांना बसली, ते भाग दीर्घकाळ सावरले नाहीत. कामगार दुसऱ्या उद्योगात सहज सामावले जातील, ही पाठ्यपुस्तकी अपेक्षा फोल ठरली.

व्यापारातून होणारा लाभ सर्व देशभर थोडा थोडा पसरतो आणि तोटा मात्र काही गावांवर एकवटतो. ज्यांना लाभ होतो त्यांना तो जाणवत नाही. ज्यांचा तोटा होतो ते विसरत नाहीत. अमेरिकी शासनाने त्या गावांची भरपाई पुरेशी केली नाही, आणि मतपेटीतून त्याचे उत्तर आले. म्हणूनच हा केवळ एका नेत्याचा हट्ट मानता येत नाही. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये पोलाद, ॲल्युमिनियम व चिनी मालावर लादलेली शुल्के जो बायडेन यांनी बहुतांश कायम ठेवली. २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवरील शुल्क तर १०० टक्क्यांवर नेले. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर नेमणुका रोखून धरल्याने ते डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. ती अडवणूकही अमेरिकेत सत्तांतर झाले तरी सुटली नाही. आणि काळाचा विनोद असा की, जानेवारी २०१७ मध्ये दाव्होसच्या व्यासपीठावरून जागतिकीकरणाची बाजू मांडली ती चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी.

मात्र, निदान पटले तरी औषध योग्यच असेल असे नाही. अमेरिकेच्या नव्या शुल्कांमागे तीन उद्दिष्टे सांगितली जातात. कारखाने परत आणणे, तिजोरीत महसूल आणणे आणि वाटाघाटीत दबाव आणणे. ही तिन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. माल येणेच थांबले तर महसूल कोठला? दबाव यशस्वी होऊन शुल्क उठले तर कारखाना उभारणाऱ्याने कशाच्या भरवशावर पैसा गुंतवावा? एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरील शुल्क काही दिवसांत १४५ टक्क्यांवर गेले आणि मे महिन्यात जिनिव्हातील समझोत्यानंतर ३० टक्क्यांवर आले. इतक्या झोकांड्या खाणाऱ्या दरावर कोणीही दहा वर्षांची योजना आखू शकत नाही.

न्यायालयाचा निर्णय

या शुल्कांचा कायदेशीर पायाही अखेर डळमळला. करनिर्धारणाचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे. अध्यक्षांनी मात्र १९७७ च्या आर्थिक आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेतला होता. २० फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने, हा कायदा अध्यक्षांना आयात शुल्क बसविण्याचा अधिकार देत नाही, असा निर्णय दिला. त्याआधी, त्याच महिन्याच्या आरंभी, भारत व अमेरिका यांच्यात समझोता होऊन भारतीय मालावरील दर १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली होती. न्यायालयाच्या निर्णयानंतर अध्यक्षांनी १९७४ च्या व्यापार कायद्यातील दुसऱ्या कलमाचा आश्रय घेतला. त्यात सर्व देशांवर तात्पुरते शुल्क लावता येते. काँग्रेसच्या संमतीविना त्याची मुदत १५० दिवसांपुढे जात नाही. पोलादासारख्या वस्तूंवरील शुल्के वेगळ्या कायद्याखाली असल्याने त्यांना या निर्णयाचा स्पर्श झाला नाही. थोडक्यात, हत्यार बदलले. वृत्ती बदलली असे म्हणता येत नाही.

कापसाच्या शेतापर्यंत

वॉशिंग्टनमधील निर्णयाची झळ कोठवर पोहोचते, याचे उदाहरण विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना चांगलेच परिचित आहे. ५० टक्के शुल्काने तयार कपड्यांची निर्यात अडचणीत येणार हे दिसताच केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. हेतू उघड होता. सूतगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा, सूत स्वस्त व्हावे आणि निर्यातदाराला अमेरिकी शुल्काचा भार थोडा तरी पेलता यावा. परंतु ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात नवा कापूस बाजारात येतो. नेमक्या त्याच वेळी परदेशी गाठींना मुक्तद्वार मिळाल्याने भावावर दबाव येणार, ही शेतकरी संघटनांची तक्रार होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये होता. पण ज्याला सरकारी खरेदी केंद्र गाठणे किंवा तेथील ओलाव्याची अट पूर्ण करणे जमत नाही, त्याला खुल्या बाजारातील भावच घ्यावा लागतो.

निर्यातदाराला वाचविणे चूक होते असे नाही. कापड उद्योगात शेतीखालोखाल रोजगार आहे. पण अमेरिकेने भारतावर लावलेल्या शुल्काचा काही भार भारतातीलच एका घटकाकडून दुसऱ्याकडे सरकला, तोही ज्याचा वाटाघाटीच्या टेबलावर आवाज नव्हता त्याच्याकडे, हे मान्य करावे लागेल. शेती, दूध व मच्छीमारी यांच्या हिताशी तडजोड नाही, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ७ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर केले होते. कापूस हीही शेतीच आहे.

यातून निघणारा बोध अमेरिकेइतकाच भारतालाही लागू आहे. खुला व्यापार असो वा संरक्षण, दोन्ही धोरणांत कोणाचा तरी लाभ आणि कोणाची तरी हानी अटळ असते. अमेरिकेने हानी झालेल्यांकडे दोन दशके दुर्लक्ष केले आणि त्यांच्या रागाने जगाची व्यापारव्यवस्था हलली. भारत एकामागून एक व्यापार करार करीत असताना, कोणत्या पिकाला आणि कोणत्या गावाला त्याची किंमत मोजावी लागेल, याचा हिशेब करारावर सही होण्यापूर्वी मांडला गेला पाहिजे. ‘जशास तसे’ या शब्दाचा पुढला अर्थ काय असेल, हे वॉशिंग्टन, बीजिंग वा जिनिव्हात ठरेल. पण त्याचा भार कोणी उचलावा, हे ठरविणे प्रत्येक देशाच्या आपल्याच हाती असते.